पहिला गेमिंग संगणक घरीच जोडायचा आहे: सुट्या भागांच्या निवडीबाबत सल्ला हवा

गोदातीर यांचा प्रश्न

नमस्कार. मी नांदेडला राहतो. सुटे भाग आणून माझा पहिला गेमिंग संगणक घरीच जोडायचा, असे ठरवले आहे. मॉनिटर धरून ८५ हजार रुपयांची तजवीज झाली आहे. कीबोर्ड, माऊस आणि हेडफोन घरात आहेत. मित्रांबरोबर रोज रात्री व्हॅलोरंट खेळणे होते, आणि सुट्टीच्या दिवशी सायबरपंक २०७७ सारखे मोठे, एकट्याने खेळायचे खेळ निवांत खेळावेत अशी इच्छा आहे. फोर-के वगैरेचा सोस नाही.

येथील एका दुकानातून मिळालेले कोटेशन जसेच्या तसे देतो: “आय-७ प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एसएसडी, ६०० वॅट एसएमपीएससह आरजीबी कॅबिनेट, २४ इंची मॉनिटर.” एकूण रक्कम ७८ हजार. कोणत्याही भागापुढे मॉडेल लिहिलेले नाही, आणि विचारले असता “सगळा माल ब्रँडेडच आहे” एवढेच उत्तर मिळाले.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. मोठ्या भावाचा २०१९ साली घेतलेला संगणक मदरबोर्ड जळाल्यामुळे बंद पडला आहे. परंतु त्यातील ८ जीबीच्या दोन डीडीआर-४ रॅम, ज्यांवर २६६६ असा वेग छापलेला आहे, दुसऱ्या संगणकात लावून पाहिल्या तेव्हा व्यवस्थित चालल्या. रॅमचे सध्याचे भाव पाहता त्या आणि त्याच संगणकाचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) उपयोगात आणता येईल का? दुसरे असे, की आमच्याकडे वीज अधूनमधून जाते, घराला इन्व्हर्टर आहे, आणि उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. माझी खोली गच्चीच्या थेट खाली असल्यामुळे वॉटर कूलिंगशिवाय भागणार नाही, असे एका मित्राचे मत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बोरूबहाद्दर यांचे उत्तर

कोटेशन जसेच्या तसे दिलेत हे उत्तम झाले, कारण अशा कोटेशनांत नेमके काय लिहिलेले नसते हेच आधी पाहावे लागते. आय-७ हे एका प्रोसेसरचे नाव नसून वर्षानुवर्षे चालत आलेल्या मालिकेचे नाव आहे. २०१२ सालचा आय-७ ३७७० हाही आय-७ च होता, आणि तसे जुने प्रोसेसर नव्या स्वस्त मदरबोर्डांवर बसवून “गेमिंग पीसी” म्हणून आजही ऑनलाइन सर्रास विकले जातात. ग्राफिक्स कार्डाचेही तेच आहे: २०१७ साली आलेले आरएक्स ५८० आठ जीबीचे मिळते आणि २०२५ साली आलेले आरटीएक्स ५०६० हेही आठ जीबीचेच, पण दोघांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याला सांगितलेली रक्कम पाहता माल इतका जुना नसेलही; तरीपण प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल लेखी मिळाल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नये.

आता निवडीकडे वळू. बहुतेक लोक प्रोसेसरपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात मॉनिटरपासून करावी, कारण कार्डाला किती काम करावे लागणार हे मॉनिटर ठरवतो. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात आणि २५६० बाय १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी जवळजवळ पावणेदोनपट काम. आपल्या तजविजीत २४ इंची, १०८० चा, आयपीएस पॅनेलचा आणि किमान १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा) मॉनिटर घ्यावा आणि तेथेच थांबावे.

आपले दोन्ही खेळ दोन वेगळ्या टोकांचे आहेत, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. व्हॅलोरंटची चित्रे साधी असतात. त्यात सेकंदाला किती फ्रेम (चित्रे) मिळतील हे मुख्यतः प्रोसेसर आणि रॅम ठरवतात, आणि आजचा कोणताही सहा कोअरचा बरा प्रोसेसर १४४ चा आकडा सहज ओलांडतो. सायबरपंकमध्ये मात्र जवळपास सगळा भार कार्डावर येतो. याचा अर्थ असा, की आय-७ वर घातलेले जादा पैसे व्हॅलोरंटमध्ये डोळ्यांना जाणवणार नाहीत आणि सायबरपंकमध्ये कामाला येणार नाहीत. एकूण रकमेचा चाळीस ते पंचेचाळीस टक्के वाटा एकट्या कार्डाला द्यावा, हे प्रमाण ऐकायला अवाजवी वाटले तरी गेमिंगसाठी तेच योग्य आहे.

कार्डाची मेमरी आठ जीबी की सोळा, याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. खेळातील पृष्ठभागांची चित्रे (टेक्श्चर) कार्डावरील मेमरीत ठेवली जातात. ती मेमरी भरली की उरलेला माल संगणकाच्या रॅममध्ये जातो आणि गरज पडेल तेव्हा पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या, वाटेने परत आणावा लागतो. ही वाट कार्डावरच्या मेमरीच्या मानाने फारच संथ असल्यामुळे सरासरी फ्रेम चांगल्या दिसूनही खेळ मध्येच अडखळतो. त्यात आरटीएक्स ४०६० आणि ५०६० ही कार्डे या वाटेच्या सोळाऐवजी आठच लेन (पदर) वापरतात, त्यामुळे पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या जुन्या किंवा स्वस्त मदरबोर्डावर त्यांची अडचण आणखी वाढते. आजच्या मोठ्या खेळांत टेक्श्चर वरच्या पातळीवर ठेवायची असतील तर १०८० लाही आठ जीबी अपुरी पडू लागली आहे, म्हणून मी आपल्याला आरएक्स ९०६० एक्सटीचे १६ जीबीचे कार्ड सुचवीन. ते पूर्ण सोळा लेन वापरते आणि त्याला सुमारे १६० वॅट वीज लागते. याच नावाने ८ जीबीचे कार्डही विकले जाते, तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचूनच पैसे द्यावेत. रे ट्रेसिंगची (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याच्या पद्धतीची) फारच हौस असेल तर आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबीचा विचार होऊ शकतो, परंतु ते महाग पडते आणि आपल्या रकमेत बसवण्यासाठी बाकी सगळीकडे हात आखडावा लागेल.

तारतंत्री यांचे उत्तर

बोरूबहाद्दर यांच्याशी सहमत आहे. मी विजेबद्दलच लिहितो, कारण ज्या भागाने खेळाचा वेग एका फ्रेमनेही वाढत नाही, त्याची निवड लोक दुकानदारावर सोडून देतात.

भावाच्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला असे आपण लिहिले आहे. त्या बोर्डाइतकाच त्या एसएमपीएसचाही संशय घ्यावा आणि तो नव्या संगणकाला अजिबात लावू नये. कोटेशनमधील “६०० वॅट एसएमपीएससह कॅबिनेट” हा प्रकारही नाकारावा. प्रोसेसर आणि कार्ड यांना लागणारी जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेने जाते. एसएमपीएसच्या लेबलावर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून १२ ने गुणावे. चांगल्या एसएमपीएसमध्ये हा गुणाकार छापलेल्या एकूण वॅटच्या जवळ येतो, तर कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या फुकट एसएमपीएसमध्ये तो बराच खाली राहतो. आपल्या संगणकाची गरज पाहिली तर कार्डाचे १६०, प्रोसेसरचे ८० च्या आतबाहेर आणि बाकी सगळ्यांचे मिळून ५० वॅट, म्हणजे ३०० च्या आसपास. ५५० वॅटचाही पुरेल, परंतु पुढे कार्ड बदलायचे झाल्यास ६५० वॅटचा असावा. ब्राँझ, गोल्ड ही प्रमाणपत्रे वीज किती वाया जाते एवढेच सांगतात. आतील भागांचा दर्जा आणि संरक्षण यांची हमी त्यातून मिळत नाही, म्हणून त्या विशिष्ट मॉडेलची परीक्षणे वाचावीत आणि किमान पाच वर्षांची वॉरंटी पाहावी.

अर्थिंग हा आपल्याकडचा खरा दुखरा भाग आहे. कॅबिनेटला पाठीमागच्या स्क्रूपाशी हात लागला की मुंग्या आल्यासारखे होते आणि टेस्टर लावला तर दिवा मंद पेटतो, हे अनेकांनी अनुभवले असेल. त्याचे कारण असे, की एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधील दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. घरात अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा दोन्हींच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. हा प्रवाह क्षीण असला तरी मॉनिटर किंवा टीव्हीची केबल चालू स्थितीत लावताना तोच पोर्टमधून जातो, आणि एसएमपीएसमध्ये खरोखर बिघाड झाला तर पत्र्यावर आलेली वीज जाणार कोठे? इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटरने मोजून घ्यावे: फेज ते अर्थ साधारण २३० व्होल्ट आणि न्यूट्रल ते अर्थ एखाद-दोन व्होल्टच्या आत असावे. काही चांगल्या एसएमपीएसबरोबर १६ अँपिअरची जाड पिन असलेली वायर येते. ती स्वस्त कन्व्हर्टर लावून लहान सॉकेटमध्ये बसवल्यास अर्थची पिन आत नीट टेकेलच असे नाही, म्हणून सॉकेटच बदलून घेणे बरे.

इन्व्हर्टरबाबत. एटीएक्स या एसएमपीएसच्या मानकानुसार वीज तुटल्यावर एसएमपीएसने साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. भार कमी असेल तर आणखी थोडा वेळ मिळतो. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये अदलाबदलीला याहून जास्त वेळ घेऊ शकतो, आणि म्हणूनच पंखा फिरत राहतो पण संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. आपला इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असेल आणि त्याला यूपीएस मोड असेल तर तो मोड लावून पाहावा. नसेल तर संगणकासाठी स्वतंत्र यूपीएस घ्यावा. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटच देतो, म्हणजे मॉनिटर धरून खेळ ऐन रंगात असताना तो काठावर येईल. १००० ते ११०० व्हीएचा असावा. वीज गेल्यावर त्यावर खेळत बसायचे नसून खेळ जतन करून संगणक बंद करायचा असतो.

काटकसर यांचे उत्तर

हातात चालू असलेली १६ जीबी रॅम असताना नवी घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप्सचा मोठा हिस्सा एआयच्या डेटा सेंटरकडे वळला आणि रॅमचे भाव कडाडले. एसएसडीलाही त्याची झळ पोहोचली. डीडीआर-५ या नव्या पिढीच्या रॅमवर जायचे म्हणजे रॅम आणि मदरबोर्ड या दोन्हींवर जादा खर्च, आणि तो कार्डाच्याच वाट्यातून काढावा लागणार.

म्हणून रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर आणि बी५५० मदरबोर्ड ही जोडी घ्यावी. सहा कोअर, बारा थ्रेड, सोबत खोक्यात कूलर, आणि बी५५० मुळे कार्डाला पीसीआय एक्स्प्रेस ४.० मिळते, ए५२० बोर्ड स्वस्त असला तरी तो ३.० वरच अडकतो. आपल्या रॅमचा २६६६ हा वेग रायझनसाठी कमी आहे हे खरे. या प्रोसेसरमधील अंतर्गत दुवा रॅमच्या निम्म्या वेगाशी जुळवून चालतो, म्हणजे ३२०० च्या रॅमवर १६०० आणि आपल्या रॅमवर १३३३. व्हॅलोरंटमध्ये काही टक्के फ्रेम कमी मिळतील, तरीही १४४ च्या बऱ्याच वर राहतील. सायबरपंकमध्ये कार्डच आधी थकणार असल्यामुळे फरक नाममात्र असेल. भाव उतरले की ३२०० किंवा ३६०० ची जोडी घ्यावी.

एसएसडीबद्दल एवढेच, की १ टीबी एनव्हीएमई (पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने चालणारी), क्यूएलसीऐवजी टीएलसी प्रकारच्या मेमरीची, आणि सेकंदाला सात हजार एमबीच्या वेगाच्या जाहिरातींना भुलू नये. साडेतीन हजार एमबी वेगाची आणि सात हजार एमबी वेगाची एसएसडी यांत खेळ उघडण्याच्या वेळेचा फरक हाताला लागत नाही.

सिंहगडी यांचे उत्तर

काटकसर यांचा हिशेब आजच्या दिवसापुरता बरोबर आहे, परंतु दुसरी बाजूही प्रश्नकर्त्यांसमोर असावी. ५६०० ज्यावर बसतो त्या एएम-४ सॉकेटवर आता प्रोसेसरची नवी पिढी येणार नाही. त्यानंतरच्या एएम-५ सॉकेटला मात्र किमान २०२७ पर्यंत साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, म्हणजे आज रायझन ५ ७६०० घेणाऱ्याला काही वर्षांनी मदरबोर्ड आणि रॅम तशीच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येईल. त्या प्रोसेसरमध्ये साधे ग्राफिक्सही असल्यामुळे कार्ड दुरुस्तीला गेले तरी संगणक चालू राहतो. ५६०० मध्ये ती सोय नाही. रक्कम लाखाच्या पुढे असती आणि जुनी रॅम नसती, तर मी हाच सल्ला आग्रहाने दिला असता. तडजोड म्हणून एएम-५ वर डीडीआर-५ ची एकच काडी लावून दुसरी पुढे घेण्याचा विचार मनात येईल, पण निराळ्या वेळी घेतलेल्या काड्या पूर्ण वेगाने एकत्र चालतीलच याची खात्री नसते, आणि चार काड्या लावल्यास एएम-५ वरचा अधिकृत वेग ३६०० पर्यंत खाली येतो. एकूण ८५ हजारांत आणि आपल्या परिस्थितीत एएम-४ घेण्याला माझी हरकत नाही.

मित्राच्या वॉटर कूलिंगच्या सल्ल्याला मात्र हरकत आहे. पाणी असो वा हवा, दोन्ही शेवटी उष्णता खोलीतल्या हवेलाच देतात. खोली ४२ अंशांवर असेल तर त्याखाली दोघांपैकी कोणीही जाऊ शकत नाही. खोलीचे तापमान एका अंशाने वाढले की चिपचेही साधारण तेवढेच वाढते, म्हणून हिवाळ्यात ६५ अंशांवर चालणारा प्रोसेसर मे महिन्यात ८० च्या पुढे दिसला तर घाबरू नये. ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे आणि तिच्याजवळ गेल्यावर तो आपणहून वेग कमी करतो. खोक्यातील कूलरवर सुरुवात करावी. आवाज असह्य झाला तर १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर पुष्कळ झाला. पैसे घालायचेच तर पुढून जाळी असलेल्या कॅबिनेटवर घालावेत. समोर पूर्ण काच असलेली कॅबिनेटे दिसायला देखणी असतात, पण कार्डाला हवा मिळत नाही. पुढून आत ओढणारे दोन पंखे, मागून बाहेर टाकणारा एक, आणि दर महिन्याला धुता येईल अशी धुळीची गाळणी, एवढे असावे.

गोदातीर यांचा पुढील प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घेतले तेव्हा माझ्या खोलीतील सॉकेटला अर्थची तार जोडलेलीच नाही असे आढळले; ते काम आता चालू आहे. नवी यादी अशी केली आहे: रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, भावाची १६ जीबी रॅम, आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी, १ टीबी टीएलसी एसएसडी, ६५० वॅट एसएमपीएस, जाळीचे कॅबिनेट, २४ इंची मॉनिटर. हे साधारण रकमेत बसते आहे. यूपीएस पुढच्या पगारातून घेईन. दोनच शंका उरल्या आहेत. मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून सगळे एकदम आणावे की ऑनलाइन मागवावे? आणि जोडताना नवशिक्याने कोठे जपावे?

तारतंत्री यांचे उत्तर

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळच्या डॉ. भडकमकर मार्गावर, चार दुकाने फिरून भाव करता येतो, हा फायदा आहे. तोटा असा, की काही बिघडले तर पुन्हा देवगिरी एक्स्प्रेस गाठावी लागते. माझ्या मते कार्ड, एसएमपीएस आणि मॉनिटर यांची सर्व्हिस सेंटर जवळपास कोठे आहेत ते आधी पाहावे आणि त्यावरून ठरवावे. कोठूनही घ्या, जीएसटीचे पक्के बिल आणि त्यावर अनुक्रमांक हवेतच. “बिलाशिवाय स्वस्त देतो” म्हणणाऱ्याकडची सूट वॉरंटीच्या वेळी महागात पडते. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्यावा, कारण सुट्या ट्रेमधल्या प्रोसेसरला कंपनीची वॉरंटी मिळत नाही. मुंबईहून जोडलेला संगणक आणायचा झाल्यास कार्ड काढून त्याच्या खोक्यात आणावे. गाडीच्या धक्क्यांनी कार्डाच्या वजनाचा ताण थेट स्लॉटवर येतो.

काटकसर यांचे उत्तर

जोडणीबद्दल मी लिहितो. ५६०० च्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. कोपऱ्यातील सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून, सॉकेटची दांडी उभी करून प्रोसेसर अलगद ठेवला की तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो. दाबावा लागत असेल तर काहीतरी चुकते आहे. खोक्यातील कूलर चार स्क्रूंचा असतो आणि तो बसवण्यापूर्वी बोर्डावरील दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात. त्या काढताच बोर्डामागची धातूची पाटी खाली निसटते, म्हणून ती एका हाताने धरून ठेवावी. चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. पुढे कधी कूलर काढायचा झाल्यास आधी थोडा वेळ संगणक चालवून कूलरखालची पेस्ट ऊबदार होऊ द्यावी, मग बंद करून कूलर हलकेच पिळत काढावा. सरळ वर ओढल्यास चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

रॅमच्या दोन काड्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावाव्यात. एसएमपीएसच्या आठ पिनांच्या वायरी दोन प्रकारच्या असतात: चार-चारात विभागणारी प्रोसेसरची आणि सहा-दोनात विभागणारी कार्डाची, त्यांची अदलाबदल करण्याचा प्रयत्न करू नये. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टलाच लावावी, बोर्डाच्या पोर्टला लावल्यास या प्रोसेसरवर काहीच दिसणार नाही. दुकानदाराकडून बोर्डाच्या बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डातच असलेल्या प्रणालीची) आवृत्ती ५६०० ला चालणारी आहे ना, हे आधीच विचारून घ्यावे, कारण जुना साठा अजून फिरत असतो.

शेवटची गोष्ट व्हॅलोरंटसाठी. विंडोज ११ वर तो खेळ टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षा सोयींशिवाय चालत नाही. विंडोज टाकण्यापूर्वीच बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करून एफटीपीएम (प्रोसेसरमधील टीपीएम) चालू करावे. सीएसएम चालू ठेवून विंडोज टाकल्यास डिस्क जुन्या पद्धतीने विभागली जाण्याची शक्यता असते आणि मग सिक्युअर बूटसाठी ती रूपांतरित करत बसावे लागते. त्याच वेळी रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू आहे का तेही पाहावे. विंडोज सुरू झाल्यावर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन ६० ऐवजी १४४ हर्ट्झ निवडावे, ते बहुधा आपोआप होत नाही.